16 गुंठे नेपियर गवत, गोबरगॅस आणि नत्राचा (नायट्रोजनचा) हिशेब: प्रकल्प नोंदी

जागा: वाळवा तालुका, जिल्हा सांगली. मध्यम काळी जमीन, कृष्णेपासून साधारण दीड किलोमीटर. पाणी विहिरीचं. घरी दोन म्हशी, तीन गायी आणि 3 घनमीटरचा, पक्क्या घुमटाचा दीनबंधू गोबरगॅस. हाच खटाटोप कुणी करणार असेल, तर माझ्या चुका त्याच्या आधीच लक्षात याव्यात म्हणून हे लिहून ठेवतोय.

10 जानेवारी 2024

डिसेंबरात गावात एका कंपनीची माणसं आली होती. नेपियर लावा, टनाला हजार रुपये देऊ, त्यापासून सीबीजी म्हणजे गाड्यांचा गॅस करू, असं सांगून गेली. 2018 मध्ये केंद्राची सीबीजीसाठीची 'सतत' (SATAT) नावाची योजना आली तेव्हापासून असे प्रस्ताव आमच्या भागात येत आहेत. मला गवत विकायला अडचण नाही. पण सभेत मी विचारलं, की टनभर गवताबरोबर माझ्या रानातला नत्र किती जाणार आणि तो परत कोण देणार? त्यावर उत्तर आलं, "युरिया टाका की, स्वस्त आहे."

गॅस म्हणजे मिथेन. त्यात कार्बन आणि हायड्रोजन, नत्र अजिबात नाही. म्हणजे गवतातून गॅस काढला तरी गवतातला सगळा नत्र स्लरीत, म्हणजे गॅस निघाल्यावर बाहेर पडणाऱ्या पातळ मिश्रणात, शिल्लक राहतो. स्लरी ज्याच्या हातात, नत्र त्याच्या हातात. हे घरच्या गोबरगॅसवर आणि 16 गुंठ्यांवर स्वतः मोजून बघायचं ठरवलं. थोरले काका म्हणाले, "ऊस मोडून गवत लावतोस, लोक हसतील." शेवटी खोडवा निघालेलं, बांधाकडचं रान त्यांनी दिलं.

14 जानेवारी

मातीचा नमुना काढला. आठ ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा, वीतभर खोल, माती गोणपाटावर एकत्र केली. चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवली.

29 जानेवारी

अहवाल आला. सेंद्रिय कर्ब 0.48 टक्के. त्याखाली "उपलब्ध नत्र" म्हणून एक आकडा होता. फोन करून विचारलं तेव्हा कळलं, की नत्र मोजलेलाच नाही, सेंद्रिय कर्बावरून गणित करून लिहिलाय. हे बऱ्याच ठिकाणी चालतं. नुसती खताची शिफारस हवी असेल तर चालूनही जातं, पण मला नत्रच बघायचा होता. दुसऱ्या प्रयोगशाळेत नमुना दिला आणि अर्जावर "परमँगनेट पद्धतीने" असं ठळक लिहिलं, त्यात नत्र प्रत्यक्ष मोजतात. दोन आठवडे आणि 350 रुपये जास्तीचे गेले. नमुना देतानाच हे विचारून घ्या.

11 फेब्रुवारी

लागण झाली. वाण फुले जयवंत, राहुरी विद्यापीठाचा. नेपियरच्या या संकराला बी धरत नाही, कांड्याच लावाव्या लागतात. दोन डोळ्यांची कांडी, अंतर 90 बाय 60 सेंटिमीटर. 16 गुंठ्यांना साधारण 3,000 कांड्या लागल्या. दीड रुपयाला एक, म्हणजे 4,500 रुपये. नांगरट, रोटर आणि सरी मिळून 2,400. लागणीला चार बाया, एक दिवस, 1,200.

दुसऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल काल आला. उपलब्ध नत्र हेक्टरी 196 किलो. 280 च्या खाली कमी धरतात, म्हणजे रान भुकेलेलंच आहे. प्रयोगाला हे चांगलं. भरल्या रानात फरक दिसला नसता.

2 मार्च

400 च्या आसपास कांड्या उगवल्या नाहीत. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. बेणं आणल्यावर ट्रॉलीत दोन दिवस ताडपत्रीखाली पडून होतं, कारण सऱ्या पाडायचा ट्रॅक्टर वेळेवर आला नाही. आतली कांडी तापली, डोळे काळे पडले. शेजाऱ्याकडून ठोंब आणून सांधणी केली. बेणं तोडलं त्याच दिवशी लावा, नाहीतर सावलीत, ओल्या पाचटाखाली ठेवा.

27 एप्रिल, पहिली कापणी

76 दिवसांनी पहिली कापणी. ही कापणी कुठलाही फरक न करता घ्यायची, हे मला शेतकी महाविद्यालयात शिकलेल्या मावसभावाने सांगितलं. माझा बेत चार तुकडे पाडून लगेच खत द्यायचा होता. तो म्हणाला, "दादा, आधी रान मुळात सारखं आहे का ते बघ. सारखं नसेल तर तू खताचा फरक मोजतोयस का रानाचा, ते तुला शेवटपर्यंत कळणार नाही." म्हणून 16 गुंठ्यांचे 2-2 गुंठ्यांचे आठ पट्टे आखले, पट्ट्याच्या टोकांना चुन्याने रंगवलेले दगड रोवले आणि प्रत्येक पट्ट्याचं गवत वेगळं तोललं.

सात पट्टे 350 ते 410 किलोच्या दरम्यान. पट्टा 7 मात्र 590. वजन दोनदा केलं, काट्यात चूक नव्हती. मी डोकं खाजवत होतो, तेवढ्यात आई जेवण घेऊन आली. बघून म्हणाली, "तिथं तुझ्या आज्ज्याचा उकिरडा होता की. छपराचा गोठा होता तवा." गोठा मोडून तीस वर्षं झाली. शेणाचा नत्र कधीच संपला असणार, पण सेंद्रिय मातीचा थर तिथं अजून आहे. कुदळीने उकरून बघितलं. वीतभर खाली माती काळीशार, भुसभुशीत, हातात घेतली की गोळा होत नाही. शेजारच्या पट्ट्यात ढेकळं.

पट्टा 7 प्रयोगातून बाद. मातीच्या नमुन्यातही त्या जागेचा एक खड्डा मिसळला होता, म्हणजे 196 हा आकडाही थोडा चढाच असणार. नमुना काढायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रानातून फिरवून आणायला हवं होतं.

30 एप्रिल

सात पट्ट्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या. शून्य (काहीच नाही): पट्टा 1 आणि 6. युरिया: 3 आणि 8. स्लरी: 2 आणि 5. निम्मा युरिया, निम्मी स्लरी: पट्टा 4 एकटाच, कारण 7 बाद झाला. त्यामुळे निम्म्याचा आकडा बाकीच्यांइतका भरवशाचा नाही, तो वाचताना हे धरूनच वाचा.

हप्ता असा ठरवला, की कापणीबरोबर जेवढा नत्र जाईल तेवढाच परत द्यायचा. अंदाजे 2 गुंठ्यांना 1.2 किलो नत्र. युरियात 46 टक्के नत्र असतो, म्हणून 2.6 किलो युरिया. 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना, म्हणजे एका पट्ट्याचा खर्च जेमतेम 15 रुपये. स्लरीत हजार लिटरला साधारण 1.2 किलो नत्र धरला, म्हणजे एका पट्ट्याला 200 लिटरचे पाच बॅरल.

युरिया दुपारी टाकला. रात्री बाराला वीज येणार आणि पाणी देणार असा हिशेब होता. फीडरवर बिघाड झाला, वीज दोन दिवसांनी आली. उन्हात, कोरड्या सरीवर दोन दिवस युरिया उघडा पडला. किती उडाला ते मोजायची सोय नाही, पण थोडाफार उडाला असणार. इथून पुढे वीज आल्यावर, मोटर चालू झाल्यावरच युरिया टाकायचा.

स्लरी गोबरगॅसशेजारच्या खड्ड्यातून भरली. महिनाभर साठलेली, वर सुकून पापुद्रा आलेला. बॅरलने पाटाच्या तोंडाशी ओतली आणि पाण्याबरोबर सोडली.

8 मे

स्लरीच्या पट्ट्यांत पहिल्या तीन-चार सऱ्यांचं तोंड काळंकुट्ट, गवत हिरवंगार. पुढं शेवटाकडे काही नाही. चोथा पाटातच बसला, पुढे नुसतं गढूळ पाणी गेलं. पाटाने स्लरी सोडणं बंद.

22 मे, गोबरगॅस बसला

ही नोंद जरा लांब आहे, कारण सगळ्यात जास्त वेळ इथंच गेला.

28 एप्रिलपासून रोजच्या 60 किलो शेणातलं 25 किलो कमी करून तेवढं कापलेलं गवत गोबरगॅसमध्ये घालत होतो. कुट्टी मशीनचा तुकडा इंचभर होता, गुरांना देतो तसाच. गॅस मोजायला मीटर नाही. आईने स्वतःहून सुचवलं, की शेगडी किती मिनिटं चालली ते ती लिहून ठेवेल. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात पेन्सिलने मिनिटं लिहिलेली आहेत. सकाळचं वर, संध्याकाळचं खाली, पाहुणे असले तर बाजूला फुली. इतकी शिस्तीची नोंद माझ्या वहीतही नाही.

एप्रिलमध्ये रोज 190 मिनिटांच्या आसपास. मेच्या पहिल्या आठवड्यात 200. मग 170, 150, आणि 20 मेला 110. शेण कालवायच्या टाकीतून मिश्रण खाली उतरेना. लांब बांबू घातला तर सहा इंची पाइपात गवताचा बोळा. तो निघाला, तरी गॅस वाढला नाही. मग निकासाच्या टाकीतून बांबू आत घालून हलवला. आत चोथ्याची साय जमली होती, बांबू अडखळत होता, गादीत रुतल्यासारखा. गवताचे तुकडे कुजायच्या आधी वर तरंगले आणि त्यांची पपडी झाली. खाली तयार होणारा गॅस त्या पपडीखाली अडकला.

दोन दिवस निकासाच्या टाकीतून दाताळ्याने बारा पाट्या चोथा ओढून काढला. डोमच्या आत कुणीही उतरायचं नाही, डोकंसुद्धा घालायचं नाही. आत प्राणवायू नसतो आणि उतरलेला माणूस वर येत नाही. विडी, काडेपेटी लांब. हे इथं मुद्दाम लिहितोय, कारण मदतीला आलेला पोरगा "मी उतरतो की" म्हणत होता.

चूक दोन ठिकाणी झाली. 76 दिवसांचं गवत, कांडी धरलेलं, लाकडासारखं. आणि तुकडा मोठा. दुरुस्ती अशी: कुट्टीची पाती जवळ घेऊन पाव इंचाचा तुकडा, तोही दोनदा मशीनमधून. मग तीन दिवस बॅरलमध्ये जुन्या स्लरीत भिजत घालायचा. तीन दिवसांत तो मऊ होतो, बोटांनी चुरगळतो आणि पाण्यात बसतो. प्रमाण 25 किलोवरून 10 किलोवर आणलं, शेण पूर्ववत 60. घरगुती दीनबंधूला यापेक्षा जास्त गवत झेपेल असं मला वाटत नाही, त्यात आत ढवळायची सोयच नाही.

9 जून, दुसरी कापणी

43 दिवस. मृग लागला, पण पाऊस अजून नाही. सरासरी एका पट्ट्याला: शून्य 430 किलो, युरिया 520, स्लरी 450, निम्मा 500.

स्लरी शून्यापेक्षा जेमतेम 20 किलो जास्त. मन खट्टू झालं. हजार लिटर वाहून नेण्याचे श्रम आणि हाती हे.

वजनातही गडबड झाली. अर्धे पट्टे सकाळी दंवात तोलले, उरलेले दुपारी. म्हणून प्रत्येक पट्ट्यातलं एक किलो गवत बारीक करून पत्र्यावर वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवलं आणि त्यावरून आकडे सारखे करून घेतले. किलोला साधारण 190 ग्रॅम वाळलेला ऐवज उरतो. आता सगळी कापणी दुपारी बारानंतर.

21 जून

तपासणीला दिलेले नमुने आले आणि स्लरीचं कोडं सुटलं. निकासातून ताजी निघालेली स्लरी: नत्र 0.12 टक्के. खड्ड्यात महिनाभर पडलेली: 0.06 टक्के. म्हणजे मी 1.2 किलो समजून 600 ग्रॅमच दिला होता.

ताज्या स्लरीतला बराच नत्र अमोनियाच्या रूपात असतो. गोबरगॅसच्या आत तो कोंडलेला असतो, उघड्यावर आला की उडायला लागतो. खड्ड्याजवळ दुपारी वाकलं की नाकाला आणि डोळ्यांना जे झोंबतं, ते खतच चाललेलं असतं. आम्ही लहानपणापासून तो वास "स्लरीचा वास" म्हणून घेत आलो. उन्हात वाळवून, चाळून, पोती भरून ठेवायची आमच्याकडची पद्धत आहे. त्यात सेंद्रिय भाग राहतो, पण लगेच लागू होणारा नत्र निघून जातो.

गवताचाही अहवाल आला. युरियाच्या पट्ट्यातल्या 43 दिवसांच्या गवतात, वाळलेल्या वजनावर, 8.1 टक्के प्रथिनं. प्रथिनाला 6.25 ने भागलं की नत्र. म्हणजे टनभर हिरव्या गवतामागे जवळपास अडीच किलो नत्र, साडेपाच किलो युरिया. शून्य पट्ट्यात 5.9 टक्के. उपाशी रानात गवतही उपाशीच येतं.

आजपासून स्लरी ताजी, निकासाच्या टाकीतून थेट बॅरलमध्ये आणि बॅरलला झाकण. टाकायची संध्याकाळी, सरीत, आणि लगेच वरून मातीची भर. दुसऱ्या कापणीनंतरचा हप्ता असाच देणार, दोन टप्प्यांत, कारण एका दिवशी एवढी ताजी स्लरी मिळतच नाही. रोज 120 ते 130 लिटर निघते. अडीच पट्ट्यांना अडीच हजार लिटर लागते, म्हणजे वीस दिवसांची. हप्ता पसरूनच द्यावा लागतो, हे आधी गणित केलं असतं तर कळलं असतं.

1 जुलै

आईच्या कॅलेंडरवर 215 मिनिटं. भिजवलेलं बारीक गवत मानवलं.

18 जुलै, तिसरी कापणी

शून्य 360, युरिया 500, स्लरी 470, निम्मा 510. ताज्या स्लरीने स्लरीचे पट्टे युरियाच्या जवळ आणले. काका बांधावर उभे राहून बघत होते. म्हणाले, "दोन नंबर पट्ट्यात काय टाकलंस?" मी म्हटलं, शेण. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या आडसाली उसाच्या रानासाठी चार बॅरल मागून घेतले.

20 जुलै

युरियाचा हप्ता दिला. आभाळ भरलेलं होतं, आयता पाऊस पडून मुरेल असं वाटलं. स्लरी वाहायला बैलगाडी रानात जाईना, चिखल होता. म्हणून स्लरी थांबवली.

3 ऑगस्ट

पंधरा दिवस वहीत काही लिहिता आलं नाही. पुष्याचा पाऊस कोसळला. जुलैअखेर कृष्णेचं पाणी चढलं, ओढ्याला फुगवटा आला. पाणी आमच्या रानात शिरलं नाही, पण खालच्या तीन पट्ट्यांतून निचराच झाला नाही. पट्टे 6, 7, 8 सहा दिवस पाण्यात. गुरं, वैरण आणि घर बघण्यातच दिवस गेले.

आज रान बघितलं. पट्टा 8 पिवळा, खालची पानं करपल्यासारखी. पट्टा 3 मध्ये पाणी उभं नव्हतं, पण तिथंही युरिया टाकल्याची खूण नाही. नत्र नायट्रेट झाला की तो मातीला धरून राहत नाही, पाण्याबरोबर खाली उतरतो. रानात पाणी साचून हवा कोंडली की तोच नत्र वायू होऊन उडतो. दोन्ही दारं एकाच आठवड्यात उघडली. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक युरियाला कडुनिंबाचा लेप असतो, त्याने वेग थोडा मंदावतो, पण सहा दिवसांच्या उभ्या पाण्यापुढे तो किती पुरणार?

खालच्या बांधाला दीड फूट खोल चर काढला, दोन गडी, एक दिवस, 1,000 रुपये. हा चर फेब्रुवारीतच काढायचा होता. रानाचा उतार मला माहीत होता.

10 ऑगस्ट

वाफसा आला, म्हणजे चिखल जाऊन माती बेताची ओली राहिली. स्लरी आजपासून द्यायला घेतली.

2 सप्टेंबर, चौथी कापणी

शून्य 300 (पट्टा 1 ला 340, पट्टा 6 ला 260). युरिया 330 (पट्टा 3 ला 370, पट्टा 8 ला 290). स्लरी 440. निम्मा 420.

हे आकडे बघून "स्लरी पावसात टिकते" असं सांगायचा मोह मलाही झाला. पण ते खरं नाही. स्लरी पावसानंतर, वाफशावर पडली. ती आधी टाकता आली नाही म्हणून वाचली. शिवाय पट्टा 2 आणि 5 वरच्या अंगाला आहेत, पाण्यात बुडलेच नाहीत. युरियाही 10 ऑगस्टला टाकला असता तर चित्र वेगळं दिसलं असतं. या कापणीवरून स्लरी विरुद्ध युरिया असा निकाल लावू नये. आभाळ भरलेलं असताना नत्र टाकू नये, एवढंच यातून घ्यावं.

5 सप्टेंबर

बॅरल वाहण्याचा कंटाळा आता मजुरांना आणि मलाही आला आहे. एका पट्ट्याला पाच बॅरल, दोन माणसं, अर्धा दिवस, बैलगाडी वेगळी. हजेरी धरली तर पट्ट्याला 450 रुपयांपेक्षा जास्त. युरिया 15 रुपयांत होतो. वापरलेला मडपंप 4,800 ला घेतला आणि 60 फूट पाइप 1,500 ला. निकासाच्या टाकीपासून बांधापर्यंत स्लरी पंपाने, तिथून सरीत पाइपने. पहिल्याच दिवशी चोथ्याने पंप तुंबला. पंपाच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड लावलं, तेही पाच मिनिटांत तुंबलं. शेवटी खडी चाळायच्या जाळीचा पिंजरा करून त्यात पंप ठेवला, आणि आता चालतो. पट्ट्याला एक माणूस, तासभर.

15 ऑक्टोबर, पाचवी कापणी

युरियाचा हप्ता या वेळी वाफसा बघून, दोन भागांत दिला. अर्धा कापणीनंतर सहाव्या दिवशी, कोंब दिसल्यावर, अर्धा वीस दिवसांनी. कापल्या कापल्या टाकलेला युरिया ओढून घ्यायला ठोंबावर पानच नसतं.

शून्य 270, युरिया 490, स्लरी 500, निम्मा 530.

शून्याचे पट्टे आता लांबूनच ओळखू येतात. फुटवे मोजले: शून्यात ठोंबाला 14, बाकीकडे 25 ते 30. दसऱ्याला आलेल्या पाहुण्यांना वाटलं, ते वेगळं वाण आहे.

6 डिसेंबर, सहावी कापणी

थंडीने वाढ मंदावली, 52 दिवस लागले. शून्य 180, युरिया 290, स्लरी 280, निम्मा 310.

दुसरी ते सहावी अशा पाच कापण्यांची बेरीज, एका पट्ट्याची: शून्य 1,540 किलो, युरिया 2,130, स्लरी 2,140, निम्मा 2,270. निम्म्याचा पट्टा एकच आहे, हे पुन्हा सांगतो.

युरियाच्या पट्ट्याला पाच हप्त्यांत 6 किलो नत्र दिला. गवताबरोबर सव्वापाच किलोच्या आसपास गेला. पण त्यातला काही मातीनेच दिलेला आहे. शून्य पट्ट्याने काहीही न घेता 2.8 किलो दिला, हेक्टरी हिशेब केला तर जवळपास 140 किलो. ही सगळी उचल आहे, परतफेड नाही. अशी दोन वर्षं कापणी केली तर काय उरेल, ते 430 वरून 180 वर आलेल्या आकड्यात दिसतंय. त्यातला काही भाग थंडीचा आहे, पण थंडी युरियाच्या पट्ट्यालाही होती.

पैशांचं बोलायचं तर नुसत्या नत्रासाठी स्लरी परवडत नाही. युरियाला इतकी सबसिडी आहे, की पाच हप्ते 77 रुपयांत झाले. माझा मडपंपच त्याच्या साठपट. स्लरीबरोबर पालाश (पोटॅश), सेंद्रिय कर्ब येतो, ते खरं, आणि पालाशची गोणी काही स्वस्त नाही. पण मी पालाश मोजला नाही, म्हणून त्यावर बोलत नाही. पुढच्या वर्षी गवताचा नमुना देताना पालाशचीही तपासणी लावणार.

19 डिसेंबर

कंपनीची माणसं पुन्हा आली. या वेळी कराराचा मसुदा होता. मी वही घेऊन गेलो. टनामागे अडीच किलो नत्र जातो, तो तुमच्या गॅसमध्ये जाणार नाही, तुमच्या टाकीत राहणार. 2023 मध्ये केंद्राने अशा प्रकल्पांच्या आंबवलेल्या सेंद्रिय खताला टनामागे 1,500 रुपये बाजार विकास साहाय्य ठरवलं, म्हणजे ते खत तुम्ही विकणार. मग ज्याच्या रानातून नत्र गेला त्याला ते आधी मिळावं, फुकट किंवा वाहतूक खर्चात, आणि झाकलेल्या टँकरने, वाळवून नाही. हे करारात एक कलम म्हणून लिहा.

साहेब चांगला माणूस होता, त्याने वहीचे फोटो काढून घेतले. "वर विचारतो" म्हणाला. गावातल्या अकरा जणांनी ठरवलंय, की कलम आल्याशिवाय सही नाही. काका त्यात आहेत.

12 जानेवारी 2025

मातीचे नमुने पुन्हा काढले, या वेळी प्रत्येक पट्ट्याचे वेगळे, उकिरड्याची जागा सोडून, परमँगनेट पद्धत लिहून. सात नमुने, सात पाकिटं. पट्टा 1 आणि 6 यांना आता उपाशी ठेवणार नाही, पुढच्या कापणीपासून त्यांना ताजी स्लरी आणि बघणार, की ते किती कापण्यांत बाकीच्यांना गाठतात. आईने नवीन कॅलेंडर लावलंय. जुनं मी वहीत दुमडून ठेवलं.